दुखण्याचे कारण गतजन्मात नाही, रक्तात आहे

(धम्म-अभ्यास : बौद्ध कुटुंब आणि सिकलसेलचा आजार)



पाली वाङ्मयात तथागतांना भिषक्क म्हटले आहे. भिषक्क म्हणजे वैद्य. ही नुसती स्तुती नाही. रोगी समोर आला की चांगला वैद्य चार गोष्टी पाहतो. दुखणे कोणते आहे? ते कशामुळे झाले? ते थांबवता येईल काय? आणि त्यासाठी काय करावे लागेल? दुःख, समुदय, निरोध आणि मार्ग या चार आर्यसत्यांचा क्रमही हाच आहे. विहारात आपण ही चार सत्ये ऐकतो. पण जे ऐकले ते घरातल्या दुखण्याला लावून पाहिले नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून आजच्या पाठात आपल्याच घरांत असलेल्या एका आजाराकडे या चार पायऱ्यांनी पाहू. तो आजार म्हणजे सिकलसेल. विदर्भातील ज्या जिल्ह्यांत तो आढळतो, त्यांत आपला यवतमाळ जिल्हा आहे.

१. दुःख : दुखणे ओळखा

मूल पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत बरे असते. मग एकाएकी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात. मोठे झाल्यावर हाडे आणि सांधे असे दुखतात की रात्रभर ते तळमळते. डोळे पिवळे दिसतात, अंग पांढरे पडते, वरचेवर ताप येतो, थोडे चालले की धाप लागते. चार दिवसांनी पुन्हा बरे वाटते, म्हणून घरचे लोक विसरून जातात.

डोळे पिवळे दिसले की आपण कावीळ उतरवायला नेतो. सांधे दुखले की वाताचे दुखणे म्हणतो. कोणी मरीमायचा कोप सांगतो, कोणी करणी सांगतो, आणि अंगारा-ताईतापायी मजुरीचे पैसे जातात. आम्हा शिक्षकांना हे दुखणे हजेरीपटावर दिसते. आठ दिवस हजर, पाच दिवस गैरहजर. अशा मुलाला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण ते मूल आळशी नसते, आजारी असते.

२. समुदय : कारण शोधा

१९१० साली अमेरिकेतील शिकागो शहरात डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्ताविषयी लेख लिहिला. हा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला तरुण होता. दुर्बिणीखाली त्याच्या काही तांबड्या पेशी गोल न दिसता विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात आणि पेशीला सेल; त्यावरून हे नाव पडले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिन या द्रव्यातच आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मऊ असल्यामुळे बारीक रक्तवाहिनीतूनही वाट काढते. विळ्यासारखी पेशी ताठ असते. ती १० ते २० दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे होतात. अशा पेशी बारीक वाहिनीत अडकल्या की पुढचा रक्तपुरवठा तुंबतो, आणि तीच ती जीवघेणी कळ.

हा दोष मुलात येतो कोठून? आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी हिमोग्लोबिनची दोन जनुके मुलाला मिळतात. दोन्ही चांगली असतील तर मूल निरोगी. त्याला एए म्हणतात. एक चांगले आणि एक सिकलचे असेल तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहकाला आजार नसतो, त्याला औषधही लागत नाही. दोन्ही सिकलची असतील तर तो एसएस, म्हणजे रुग्ण.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग सांगतो. दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. दोघेही वाहक आहेत असे धरून प्रत्येक वाटीत ज्वारीचा एक आणि तुरीचा एक दाणा टाका. ज्वारी म्हणजे चांगले जनुक, तूर म्हणजे सिकलचे. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचला. काय आले ते लिहा आणि दाणे पुन्हा आपापल्या वाटीत टाका. पुष्कळ वेळा केले की दिसेल : चारांत एकदा दोन्ही ज्वारी, चारांत दोनदा एक-एक, आणि चारांत एकदा दोन्ही तूर. दाणे प्रत्येक वेळी परत टाकायचे हे विसरू नका, कारण प्रत्येक बाळंतपणाला हीच शक्यता नव्याने असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नाही.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. दोन तुरीचे दाणे एकाच वाटीतून येऊ शकत नाहीत. तरीही आपल्या घरांत बोलणी कोण खाते? सून. तिनेच हे माहेरून आणले, तिचा पायगुण वाईट, असे तिला ऐकावे लागते. मुलगा आजारी असेल तर एक दाणा बापाचा आहेच. ज्या घरात हे माहीत असूनही सुनेला टोचून बोलतात, त्या घरात पंचशील भिंतीवर टांगलेले आहे, वागण्यात उतरलेले नाही.

३. गतजन्माचे काय?

कोणी म्हणेल, डॉक्टर काही म्हणोत, हे पूर्वजन्मीचे भोग आहेत. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे खरे काय? भगवंतांनी उत्तरात पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा पालट, विषम आहारविहार आणि बाहेरचा आघात अशी कारणे एकेक करून मोजली. कर्मविपाक हे त्यांत आठवे आणि शेवटचे. सगळेच पूर्वकर्माने घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभव ओलांडून बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून नाकारला. मुलाला शरीर मिळते ते आईबापांकडून, हा आनुवंशिकतेचा नियम त्यांनी आपल्यापुढे ठेवला. गरिबांच्या हालाची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढ्याचसाठी गतकर्माचा सिद्धांत उपयोगी पडतो, हेही त्यांनी दाखवले. आता विचार करा. मुलाचे दुखणे मागच्या जन्माचे ठरले, तर दवाखान्यात औषध का नाही हे विचारायचे कोणाला? कारण रक्तात आहे असे कळले, तर मात्र उपाय मागता येतो.

४. हा आजार आपल्यातच का?

हाही प्रश्न पुष्कळांच्या मनात सलतो. सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत तो प्रथम आढळला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरील लेख ‘लॅन्सेट’ या विलायतेतील वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढे विदर्भात गोंड, प्रधान, कोलाम आणि पूर्वाश्रमीचे महार या समाजांत तो आढळला. इतर समाजांतही तो सापडतो.

कारण हिवतापात आहे. सिकलचे एकच जनुक असलेल्या माणसाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले. हिवतापाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांत म्हणूनच हे जनुक टिकले. तेव्हा यात लाज कसली? आपले पूर्वज त्या तापातून वाचले, त्याची ही खूण आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. जातीतल्या जातीत लग्न हेच जातिसंस्थेचे मूळ लक्षण आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सिद्ध केले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. वैद्यकशास्त्रही तेच दाखवते. जातीच्या कुंपणाने हा दोष निर्माण केला नाही, पण आतल्या आत कोंडून मात्र ठेवला. लहान वर्तुळात सोयरिकी होत राहिल्या की वाहकाला वाहकच भेटण्याची शक्यता वाढते. मामाच्या किंवा आत्याच्या घरची सोयरीक केली तर ती आणखी वाढते.

आणि आपण काय करतो? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, जात सोडली. पण स्थळ पाहायला बसलो की हळूच विचारतो, तुम्ही लाडवण की बावणे? जी पोटजात बाबासाहेबांनी पुसली ती आपण सोयरिकीत जपतो, आणि जे खरोखर विचारायला हवे ते विचारत नाही.

५. निरोध आणि मार्ग : काय करावे?

जन्मतः आलेला सिकलसेल गोळ्यांनी मुळासकट जात नाही. अस्थिमज्जा बदलण्याचा उपचार आहे, पण तो खर्चाचा आहे आणि सर्वांना लागू पडत नाही. मात्र कळा कमी करता येतात, आयुष्य वाढवता येते, आणि पुढच्या पिढीत हा आजार टाळताही येतो.

तपासणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणीची चौकशी करा. रक्ताच्या एका थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकल आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. पहिल्या चाचणीवरून घाबरू नका, आणि अर्ध्यावर सोडूनही देऊ नका.

विवाह. तपासणी साक्षगंधानंतर नको, पसंतीच्याही आधी हवी. मुला-मुलींची शाळा-कॉलेजातच व्हावी. एक वाहक आणि एक निरोगी असे जोडपे असेल तर मूल रुग्ण होत नाही. रुग्णाने निरोगी जोडीदाराशी लग्न केले तर मुले वाहक होतील, रुग्ण नाही. म्हणून वाहक मुलगी नाकारू नका आणि रुग्णाला लग्नच नको असेही म्हणू नका. दोघेही वाहक असतील तर मात्र थांबून डॉक्टरांशी बोला. लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होऊ शकते. पुढचा निर्णय सासूचा नव्हे, त्या आईचा.

स्थळ जाईल या भीतीने कागद लपवणाऱ्यांना एवढेच विचारतो : आपण रोज जे चौथे शील घेतो, ते कशासाठी? मुसावादापासून दूर राहण्याचे ना? बोलून खोटे सांगितले काय आणि गप्प राहून सांगितले काय, भोगायचे त्या होणाऱ्या लेकराला.

शुश्रूषा. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. आजाऱ्याची सेवा ती आपलीच सेवा, असे मग त्यांनी संघाला बजावले. विनयपिटकाच्या महावग्गात या प्रसंगानंतर रुग्णाचे आणि सेवकाचे पाच-पाच गुण सांगितले आहेत. रुग्णाने पथ्य सांभाळावे, त्यातही प्रमाण ठेवावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की उतरले ते खरे सांगावे, वेदना सोसण्याचे बळ ठेवावे. सेवकाने औषध तयार करून देता यावे, पथ्य-कुपथ्य ओळखावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द सांगून धीर द्यावा.

आपल्या घरात याचा अर्थ असा. मुलाला दिवसभर भरपूर पाणी पाजा. वर्गातही बाटली जवळ असू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत दंवात आणि गारठ्यात, आणि उन्हाळ्यात भर दुपारी, त्याला रानात नेऊ नका. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. हायड्रॉक्सियुरिया हे कळा कमी करणारे औषध डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्या. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. लसी वेळेवर टोचून घ्या. जोराचा ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकाएकी पांढरे पडून पोट फुगणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्राचीही चौकशी करा.

बंधू-भगिनींनो, स्वतःची उन्नती म्हणजे केवळ पदवी आणि नोकरी नव्हे. कारण शोधणारी बुद्धी ही प्रज्ञा, खरे सांगण्याचे धैर्य हे शील आणि दुसऱ्याच्या लेकराची कळ आपली वाटणे ही करुणा. हे तिन्ही एका रक्ततपासणीच्या कागदावर पारखले जातात. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आरोग्यसेविकेला विहारात बोलवा. आधी पदाधिकाऱ्यांनी हात पुढे करावा, मग पोरांना सांगावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) चार आर्यसत्ये आणि वैद्याची तपासणी यांत साम्य कोणते?
२) सीवकाला भगवंतांनी दुखण्याची कोणती कारणे सांगितली?
३) मूल रुग्ण निघाल्यास केवळ आईला दोष देणे चूक का? वाटी आणि दाण्यांचा प्रयोग करून सांगा.
४) वाहक आणि रुग्ण यांतील फरक घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.
५) आपल्या घरात किती जणांची तपासणी झाली आहे? राहिलेल्यांची केव्हा होणार?

नमो बुद्धाय. जयभीम.