दुसरं कर्ज घेण्याआधी

अगं, फोनवर तू म्हणालीस ना, दुसऱ्या कंपनीवाले चाळीस हजार द्यायला तयार आहेत आणि गल्लीतल्या चौघी घेतायत म्हणून तूही घेतेस, तेव्हापासून तुझाच विचार करतेय. रागावले नाहीये. पहिल्या कर्जातून तू शिलाई मशीन घेतलंस, ब्लाऊजची गिऱ्हाइकं जोडलीस, ते कर्ज अगदी कारणी लागलं. पण आताचं कशाला हवंय? खरं सांगू का, पहिल्याचे हप्ते तुंबलेत म्हणूनच ना? ही याची टोपी त्याच्या डोक्यावर झाली गं. मशीन कमावून देतं. हप्ता भरायला काढलेलं कर्ज काहीच कमावत नाही, फक्त आणखी एक हप्ता लावून जातं.

आधी कागद बघ. ‘बाराच टक्के व्याज’ असं कोणी म्हटलं की विचार, सरळ की घटत्या शिलकीवर? दहा हजार बारा महिन्यांसाठी सरळ बारा टक्क्यांनी घेतलेस, तर व्याज बाराशे. पण सहा महिन्यांत निम्मी मुद्दल तू परत केलेली असतेस आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच चालू असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, बघ! रिझर्व्ह बँकेचा 1 एप्रिल 2022 पासूनचा नियम आहे, की वर्षाचा खरा दर आणि सगळे खर्च एका पानावर लिहून द्यायचे, आणि कर्जाचं कार्ड तुला समजेल त्या भाषेत द्यायचं. मराठीतलं कार्ड हक्काने माग. सोबत विमा घ्याच असं कोणी म्हटलं, तर तोही तुझ्या मर्जीचा आहे.

आणि हे मनात पक्कं बसव. तुझ्यासारख्या, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरासाठी हे विनातारण कर्ज असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हे बघणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. म्हणून भाऊजींच्या गाडीचा हप्ताही सांग, लपवू नकोस. त्यामुळे कंपनीने कर्ज नाकारलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी खरी धास्ती मला ठाऊक आहे. हप्त्याच्या दिवशी पैसे कमी पडले की कंपनीच्या कर्जगटातल्या बाकीच्या बायकांना तुझ्या वाटणीचे भरावे लागतात, आणि मग त्या तुझ्याकडे बघतात. त्या नजरेपायी बायका कानातलं मोडतात, पोराची फी थांबवतात, सावकाराच्या दारात जातात. तू असलं काही करू नकोस. मीटिंगच्या दोन दिवस आधीच मैत्रिणींना सांग, ‘या खेपेला मला जमत नाहीये.’ आधी कळलं तर माणसं सांभाळून घेतात. वसुलीच्या माणसाशीही सरळ बोल. त्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी तर मुळीच नाही. हप्ता भरायच्या ठरलेल्या जागी तू लागोपाठ दोनदा गेली नाहीस, तरच त्याला घरी येता येतं. कोणी ऐकलं नाही, तर कंपनीकडे लेखी तक्रार कर आणि पोच घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

आता तू सोडून दिलेल्या बचत गटाबद्दल. तिथे रक्कम लहान मिळते म्हणून तू नाक मुरडलंस, पण तिथलं व्याज जातं कुठे, याचा विचार केलास का? गटाच्या अंतर्गत कर्जावर तू महिन्याला शेकडा दोन भरलेस, तरी ते गटाच्याच पेटीत राहतात, आणि त्या पेटीत तुझा वाटा असतो. गटाने बैठका आणि वही नीट ठेवली की बँकही कर्ज देते. नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, ती याच वहीच्या भरवशावर. रक्कम लहान असते, मान्य. पण अडीनडीला, पोराच्या तापाला, दिवाळीआधी कापड भरायला तीच लागते.

हिशोब आपल्याला जमत नाही, असं तू पुन्हा म्हणू नकोस हं. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 1997 मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी राहिली. आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं गिरवायला बसल्या आणि बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हांबरोबर पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढून दाखवावं. परवाना मिळाला! तू तर बारावी झालीस, आणि अर्ध्या मीटरच्या कापडात अस्तर बसवतेस.

तेव्हा आज रात्री पोरं झोपली की वही घे. एका बाजूला महिन्याची शिलाई, भाऊजींची मजुरी. दुसऱ्या बाजूला किराणा, वीज, फी, आणि सगळे हप्ते. बेरीज करून मला फोटो पाठव. तुंबलेल्या हप्त्यांसाठी कंपनीच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून मागू, मी येते सोबत. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला सांग, सध्या नको. चौघी घेतायत तर घेऊ देत, त्यांच्या घरचा हिशोब त्यांचा. आणि येत्या बैठकीला गटात जा गं, तुझी जागा अजून कोणी घेतलेली नाही, मी विचारलंय.