खिचडीच्या कॅलरींचा हिशेब

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थिनीनें रात्रीचें जेवण सोडलें. ताटांतील खिचडी तिनें तोलली, ती २५० ग्रॅम भरली; आणि मोबाईलवरील आहार-नोंदीच्या ॲपनें ८७५ कॅलरी असा आंकडा दाखविला. तो पाहून ती घाबरली. आंकडा खरा होता काय? याचें उत्तर शोधण्याची रीत मुलांनीं व पालकांनीं समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

एक किलोग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रांत एक कॅलरी म्हणतात. शास्त्रीय भाषेंत हीच किलोकॅलरी होय. अमेरिकेंतील विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) या शास्त्रज्ञानें प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, प्रथिनें व पिष्टमय पदार्थ यांच्या एका ग्रॅमपासून शरीरास सुमारें ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारें ९. म्हणून तेलातुपाचें माप चुकलें तर हिशेब फार चुकतो.

आतां तिच्या घरची खिचडी घेऊं. तांदूळ २०० ग्रॅम, मुगाची डाळ १०० ग्रॅम व तूप ३० ग्रॅम. प्रत्येक जिन्नस शिजविण्यापूर्वीं तोलावा. वाटी-चमच्यावर विसंबूं नये. शंभर ग्रॅमांस तांदळाच्या सुमारें ३५०, डाळीच्या ३३० व तुपाच्या ९०० कॅलरी धराव्या. म्हणजे अनुक्रमें ७००, ३३० व २७०, मिळून १३०० कॅलरी झाल्या. पाण्यांत व मिठांत कॅलरी नाहींत.

रिकाम्या पातेल्याचें वजन आधींच लिहून ठेवावें, व खिचडी शिजल्यावर भरल्या पातेल्याच्या वजनांतून तें वजा करावें. तिच्या आईनें असें केलें तेव्हां खिचडी १००० ग्रॅम भरली. म्हणजे १०० ग्रॅमांत १३० कॅलरी, आणि ताटांतील २५० ग्रॅमांत ३२५. पाणी अधिक घातलें असतें तर खिचडीचें वजन वाढलें असतें, पण एकूण कॅलरी १३०० च राहिल्या असत्या.

मग ८७५ आले कोठून? मुलीनें शिजलेल्या खिचडीचें वजन कच्च्या तांदळाच्या नोंदीखालीं लिहिलें होतें. ॲपनें गुणाकार बिनचूक केला. चूक नोंदीची होती.

आणखी दोन चुका टाळाव्या. पहिली, फोडणीचें तेल किंवा तूप विसरण्याची. वरील खिचडींत तूप विसरल्यास एकूण कॅलरींचा पांचवा हिस्साच गळतो. दुसरी, एककाची. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्यें दिली आहे. त्या आंकड्यास ४.१८४ नें भागल्यावांचून कॅलरी मिळत नाहींत.

विद्यार्थिमित्रांनो, खोटा तराजू केवळ बाजारांतच असतो असें नाहीं; घाईनें केलेली नोंद हाही खोटा तराजूच, आणि त्यानें आपण स्वतःस फसवितों. शिवाय वाढत्या वयांत, हिशेब बरोबर असला तरी, आईबाप व डॉक्टर यांस विचारल्यावांचून जेवण कमी करूं नये. त्या मुलीच्या आईनें दुसऱ्या दिवशीं खिचडी पुन्हां तोलली, आणि मुलीनें ती पोटभर खाल्ली, हें सांगतांना आम्हांस आनंद होतो.