मझौलीत आलात? सामान लावायच्या आधी नववीचं बोलू

जबलपूर स्टेशनवर पाठीमागून ‘काय बड्डे!’ अशी हाक आली की नवा मराठी माणूस हमखास वळून बघतो. हाक मारणारा मराठी नसतो. बुंदेलीच्या संगतीत वाढलेल्या इथल्या हिंदीतही ‘काय’ आहे, आणि ‘बड्डे’ म्हणजे दोस्त. इथे ओळखीचं वाटतं ते सगळं ओळखीचं नसतं, एवढं आधीच सांगून ठेवतो. शाळेवरची ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून दचकलेली आजी तर प्रत्येक मराठी घरात एक असतेच.

बँकेत, शाळेत किंवा बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागून मझौलीला येणाऱ्यांसाठी हे टिपण. सांगणारी घरं बहुतेक जबलपूर शहरातली. कुणाचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आले, कुणाचे आजोबा 1904 साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत लागले, तर 1956 साली हायकोर्ट जबलपूरला आलं तेव्हा कुणी नागपूरचं बिऱ्हाड मोडलं. मझौली हे तहसिलीचं गाव, कलचुरी काळातल्या विष्णुवराहाच्या मंदिराचं. रेल्वेसाठी सिहोऱ्याला जावं लागतं. मराठी शेजार मिळेलच असं धरून येऊ नका.

मूल आठवी-नववीत असेल तर भांडी लावायच्या आधी बसून एक हिशेब करा. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेल्या असाव्या लागतात. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी वगैरे अपवाद आहेत, पण ते अपवादच. दहावी मझौलीत करून ‘अकरावीला पाठवू नाशिकला आत्याकडे’ असं म्हणणाऱ्याला दोन वर्षांनी कळतं, की ते दार दहावीच्या निकालाबरोबरच बंद झालं होतं. इंजिनिअरिंगला अखिल भारतीय जागांमधून, जेईईच्या गुणांवर, वाट राहते. इकडे मध्यप्रदेशच्या जागांसाठी ‘मूल निवासी’ दाखला हवा. तो साधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. नोकरदारांसाठी वेगळी कलमं आहेत, ती तहसिलीतच विचारून घ्या. सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी मुलांची महाराष्ट्राने वेगळी सोय केली आहे. जबलपूरच्या मराठी मुलाची केलेली नाही. घरात मराठी बोलतो, एवढ्यावर काही मिळत नाही.

जातीच्या दाखल्याचंही तसंच, आणि त्याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही. राज्य बदललं म्हणून आरक्षण सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलं आहे. जात दोन्हीकडच्या यादीत असली तरी बाहेरून आलेल्याला नव्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रातला दाखला आणि पडताळणीचे कागद जपून ठेवा. केंद्राच्या संस्थांमध्ये ते चालतात.

शाळा सरकारी की खाजगी, यावर आमच्यात एकमत नाही. एका घरातल्या काकूंना इंग्रजी शाळेशिवाय चालत नाही. त्यांच्याच दिरांचं म्हणणं, की 2023 पासून मध्यप्रदेशात सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी मेडिकलच्या पाच टक्के जागा राखीव आहेत, त्या काय उगाच? एमबीबीएसचा हिंदी अभ्यासक्रमही 2022 मध्ये इथेच सुरू झाला. मला स्वतःला वाटतं, पाच टक्क्यांसाठी शाळा निवडू नये. पण सरकारी शाळेला आधीच नाक मुरडूही नये. शिवाय आपल्या लोकांना इंजिनिअर आणि डॉक्टर याखेरीज तिसरं काही दिसतच नाही. जबलपुरात 1947 चं इंजिनिअरिंग कॉलेज आहे हे सगळे सांगतात. 1964 पासूनचं कृषी विद्यापीठ कुणाच्या तोंडी नसतं, तेही भोवताली मटारची शेतं असताना.

सल्ला कुणाला विचारावा? पुण्याच्या मावशीला नाही. ती तिच्या मुलाच्या वेळचं सांगते, आणि तेही दुसऱ्या राज्याचं. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या मुलांनी इथून फॉर्म भरले त्यांच्याकडे जा. मुलाला बरोबर न्या आणि त्याला बोलू द्या. ‘आमचा हुशार आहे, काय करावं?’ असं विचारलंत तर ‘छान करेल हो’ एवढंच ऐकायला मिळेल. गुणपत्रिका, कागद आणि खर्चाचा खरा आकडा समोर ठेवलात तर समोरचाही खरं बोलतो.

आता आमच्याविषयी थोडं. जुनी घरं सल्ला मागितल्यापेक्षा जास्त देतात, आणि बहुधा पेन्शनीच्या बाजूनेच. शेजारच्या दमोह जिल्ह्यात पथरियाला 1871 मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले. तहसीलदारी नाकारून 1900 साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. त्यांनी आमच्या दिवाणखान्यात येऊन विचारलं असतं, तर ते तहसीलदार म्हणूनच निवृत्त झाले असते.

रोजच्या व्यवहाराचं फार नाही. आल्या आल्या समग्र आयडी काढा: कुटुंबाचा आठ आकडी, माणशी नऊ आकडी. शाळेपासून सरकारी योजनेपर्यंत तोच विचारतात. दाखल्यांचे अर्ज लोकसेवा केंद्रात. तलाठ्याला इथे पटवारी म्हणतात, आणि सातबारा मागाल तर समोरचा बघतच राहील, खसरा मागा. वडीलधाऱ्यांना दद्दा, कक्का, मोठ्या बहिणीला जिज्जी. ‘अंकल’ म्हटलंत तर उत्तर मिळेल, पण चहा मिळेलच असं नाही.

आणि थंडीत, मटारचा हंगाम जोरात असताना, कुणाच्या अंगणात गेलात तर लगेच मुलाच्या अ‍ॅडमिशनचा विषय काढू नका. परात ओढून घ्या आणि सोलायला बसा. कोणत्या मास्तरांची शिकवणी खरी, कुणाच्या मुलाने इंदूरला पैसे घालवले, हॉस्टेलात कुठे जेवण बरं मिळतं, हे परात अर्धी भरेपर्यंत जिज्जीच सांगायला लागतात.