भावी मुख्याध्यापकांचें संगणकशिक्षण

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत शाळेच्या कचेरीपुढें पालकांची रांग लागलेली तुम्हीं पाहिलीच असेल. कोणाच्या हातांत जन्माचा दाखला असतो, कोणाच्या हातांत आधारपत्र, तर कोणीं जुन्या शाळेचा दाखला घडी घालून खिशांत जपून ठेविलेला असतो. आंत कारकून संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसलेले असतात व अधूनमधून, "सर्व्हर बंद आहे, उद्यां या," असें सांगतात. हें पाहून बहुतेकांची अशी समजूत होते कीं, संगणक हें कारकुनाचें काम. मुख्याध्यापकांनीं फक्त सही करावयाची. वस्तुतः त्या पडद्यावर जें लिहिलें जातें त्याबद्दल उत्तर द्यावें लागतें तें मुख्याध्यापकांनाच. मग हें काम ते कोठें शिकतात आणि काय शिकतात, हा प्रश्न तुमच्या व तुमच्या आईबापांच्या हिताचा आहे; म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

महाराष्ट्रांतील खाजगी शाळांच्या नोकरवर्गासंबंधीं १९८१ सालची जी नियमावली आहे, तीप्रमाणें माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होण्यास पदवी, अध्यापनशास्त्राची पदवी आणि निदान ५ वर्षांचा शिकविण्याचा अनुभव लागतो. शिकविण्याचा, हें ध्यानांत घ्या, कारभाराचा नव्हे. वीस-पंचवीस वर्षें भूमिति किंवा संस्कृत शिकविलेला मनुष्य एके सकाळीं त्या खुर्चीवर बसतो, आणि कपाटांच्या किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पासवर्डांची एक यादी त्याच्या हवालीं केली जाते. पूर्वींच्या मुख्याध्यापकांसहि वेगळें शिक्षण मिळत नसे. परंतु त्यांचीं साधनें डोळ्यांना दिसणारीं होतीं. जनरल रजिस्टर, हजेरीपट, कीर्द, आवक-जावक या वह्या दहा वर्षें जवळून पाहिल्या म्हणजे आपोआप कळूं लागत. पडद्यामागचें काम असें नुसतें शेजारीं बसून कळत नाहीं.

सुमारे दहा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत होतें. तेथील मुख्याध्यापक निवृत्त व्हावयाचे होते, म्हणून ज्येष्ठ शिक्षिका या नात्यानें मला तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणास पाठविण्यांत आलें. मोठी खोली, भिंतीवर पडदा, समोर माझ्यासारखेच पन्नास-साठ उमेदवार. शिकविणारे गृहस्थ मेहनती होते. प्रथम येथें दाबा, मग तेथें दाबा, मग हिरवी खूण आली कीं पुढें जा, असें त्यांनीं तीन दिवस दाखविलें. मीं आज्ञाधारक विद्यार्थिनीप्रमाणें चौदा पानें टिपणें घेतलीं. चार महिन्यांनीं पोर्टलाचें रूप बदललें, हिरवी खूण दुसरीकडे गेली आणि माझीं चौदा पानें रद्दींत जमा झालीं. तीं टिपणें चुकीचीं नव्हतीं. पण जें दर वर्षीं बदलतें तेंच त्यांत होतें आणि जें बदलत नाहीं त्याबद्दल एक ओळहि नव्हती.

तें न बदलणारें काय, हें एका उदाहरणानें पाहूं. तुमच्या शाळेचा एक ११ आंकडी यूडायस क्रमांक आहे. हे आंकडे मनास येतील तसे दिलेले नसतात. पहिले २ राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढील २ जिल्ह्याचे. नंतरचे २ गटाचे अथवा तालुक्याचे. त्यापुढील ३ गांवाचे किंवा शहरांतील प्रभागाचे, आणि शेवटचे २ खुद्द शाळेचे. म्हणजे देशांतील कोणतीहि शाळा अकरा आंकड्यांत सांपडते. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती एकत्र गोळा होऊं लागली आणि २०१८-१९ पासून ती थेट संगणकावर भरली जाऊं लागली. तरी तोंपर्यंत शाळा केवळ संख्या कळवीत असत: पांचवींत मुलगे इतके, मुली इतक्या. २०२२-२३ पासून मात्र प्रत्येक मुलाचें नांव, जन्मतारीख, आईबापांचीं नांवें अशी एकेकाची वेगळी नोंद मागितली जाऊं लागली.

याचा परिणाम पाहण्याजोगा झाला. २०२१-२२ सालीं देशांतील शाळांचे विद्यार्थी सुमारे २६ कोटी ५० लाख होते. २०२३-२४ च्या अहवालांत ते सुमारे २४ कोटी ८० लाख भरले. वर्तमानपत्रें वाचून कित्येकांस वाटलें कीं, दीड कोटीहून अधिक मुलांनीं दोन वर्षांत शाळाच सोडली. परंतु मोजण्याची रीतच बदलली होती. पूर्वीं एकच मूल गांवच्या शाळेच्या पटावर आणि शहरांतील शाळेच्याहि पटावर असूं शके व दोन्हींकडे मोजलें जाई. नांवानिशीं नोंद होऊं लागल्यावर तें एकदांच मोजलें गेलें. म्हणून नव्या आंकड्यांची जुन्यांशीं सरळ तुलना करूं नये, अशी सूचना अहवालांतच केलेली आहे. यावरून घटलेलीं सर्व मुलें खोटीं होतीं असेंहि ठरत नाहीं. त्यांत खरोखर शाळेबाहेर पडलेलीं मुलेंहि असतील. आंकडा समोर आला कीं, "हें कोणीं मोजलें, कसें मोजलें, काय वगळलें?" असें विचारण्याची संवय भावी मुख्याध्यापकास लावणें, हें माझ्या मतें त्याच्या शिक्षणाचें पहिलें प्रकरण होय. कळ कोठें आहे, हें त्याचा वर्गांतला एखादा विद्यार्थीहि त्याला दाखवील.

नांवांचें प्रकरण याहून नाजूक आहे. आपण 'ज्ञ' या अक्षराचा उच्चार 'द्न्य' असा करतों, म्हणून ज्ञानेश्वर हें नांव रोमन लिपींत लिहितांना आरंभीं डी-एन-वाय हीं अक्षरें घालण्याची मराठी रीत आहे. उत्तरेकडे तेंच अक्षर 'ग्य' असें उच्चारतात व जी-वाय लिहितात. 'ळ' ला तर रोमन लिपींत स्वतंत्र अक्षरच नाहीं. शिवाय आपल्या रजिस्टरांत आधीं आडनांव, मग नांव, मग वडिलांचें नांव. संगणकाच्या चौकटींत मात्र आडनांव शेवटीं. माणसाला यांत कांहींच वावगें दिसत नाहीं. यंत्राला मात्र एका अक्षराचा फरक म्हणजे दुसराच मनुष्य.

वर सांगितलेल्या शाळेचा प्रभार कांहीं महिने माझ्याकडे होता. आठवींत ज्ञानेश्वर नांवाचा एक मुलगा होता. बाप वीटभट्टीवर कामाला. मुलाची शिष्यवृत्ति अडली, कारण शाळेच्या संगणकांत नांव डी-एन-वायनें व आधारपत्रावर जी-वायनें. बापाच्या चार खेपा झाल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली. मला त्यांची दया आली आणि, खरें सांगावयाचें तर, कटकटहि आली. मीं कारकुनांस सांगितलें, "आधारपत्रावर आहे तसेंच करून टाका." त्यांनीं केलें, मीं पडद्यावर नांव पाहिलें व मान्यतेची कळ दाबली. शिष्यवृत्ति आली. बापानें पेढे आणले.

मीं नांव पाहिलें. तारीख पाहिली नाहीं. आधारपत्र काढतांना जन्माचा दाखला नव्हता म्हणून त्यावर १ जानेवारी अशी अंदाजी तारीख पडलेली होती, आणि नांवाबरोबर तीहि आमच्या संगणकांत आली. जनरल रजिस्टरांतील खरी तारीख ऑगस्टमधील होती व ती तशीच राहिली. दोन वर्षांनीं दहावीचा अर्ज संगणकांतील माहितीवरून भरला गेला. मुलगा चांगले गुण मिळवून पास झाला आणि आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळीं त्याच्या दोन कागदांवर दोन जन्मतारखा निघाल्या. बाप मजकडे आला. तो रागावला नव्हता, हेंच मला अधिक लागलें. तो म्हणाला, "बाई, पोळ्याच्या दिवशीं झालेलं पोर हें, त्याच्या आईला अजून आठवतं. मग ही जानेवारी आली कुठून?"

मंडळाकडे अर्ज केला, रजिस्टराचा उतारा जोडला, दुरुस्ती झाली. पण तोंवर प्रवेशाची पहिली फेरी हातची गेली होती. मुलास इलेक्ट्रिशियन व्हावयाचें होतें. दुसऱ्या फेरींत फिटरची जागा मिळाली, ती त्यानें घेतली. तो आज कामावर आहे व भेटला कीं नमस्कार करतो. तरीहि ती कळ माझ्या बोटाखालीं होती, हें मी विसरलें नाहीं.

या कारणानें मला वाटतें कीं, भावी मुख्याध्यापकांच्या वर्गांत निदान एक पुरा दिवस असा पाठ असावा. प्रत्येक उमेदवारापुढें एका काल्पनिक मुलाचे चार कागद ठेवावे: जन्माचा दाखला, आधारपत्र, रजिस्टराचा उतारा व संगणकांतील नोंद, आणि चारींत थोडथोडा फरक असावा. मूळ कोणता व नक्कल कोणती? दुरुस्ती कोठें व्हावी? ती करण्याचा अधिकार कोणाचा? शाळा-संहितेप्रमाणें जनरल रजिस्टरांतील नांव किंवा जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून बदलतां येत नाहीं, आणि मुलानें शाळा सोडल्यावर तर ती वाट फारच अरुंद होते. पडद्यावर मात्र हाच बदल क्षणांत होतो. जें सोपें आहे तें करण्याचा आपणांस अधिकार आहेच असें नाहीं, हें हातानें करून पाहिल्याशिवाय अंगीं मुरत नाहीं.

दुसरी गोष्ट पासवर्डाची. शाळेचा गोल शिक्का कुलुपांत असतो. तो कोणी बाजारांत दुसऱ्याच्या हातीं देत नाहीं. पण त्याच शाळेचा पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटविलेला मीं पाहिला आहे, आणि मुख्याध्यापक एखाद्या सायबर कॅफेंतील मुलाला फोनवरून ओटीपी सांगतांना मीं ऐकलें आहे. यांत लबाडी नसते. वीज नसते, कारकुनाची जागा रिकामी असते, आणि माहिती आजच्या आज भरा असा वरून निरोप आलेला असतो. परंतु पासवर्ड हाच आतां शिक्का आहे आणि ओटीपी हीच सही, हें ज्याला पटलें त्याला बाकीचें यंत्रज्ञान नंतर शिकवितां येईल.

शिक्षणाच्या सोयी मुळींच नाहींत असें मात्र नव्हे. दिल्लींतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेंत शाळांच्या नेतृत्वासाठीं स्वतंत्र केंद्र आहे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शालेय व्यवस्थापनाची पदविका देत आलें आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं 'निष्ठा' ही योजना काढून मुख्याध्यापकांसह सुमारे ४२ लाखांस शिकविण्याचा संकल्प केला, आणि साथीमुळें ऑक्टोबर २०२० पासून तें शिक्षण 'दीक्षा' या व्यासपीठावर मोबाईलवरच मिळूं लागलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेंहि मुख्याध्यापकांनीं वर्षाला ५० तास असें शिक्षण घ्यावें अशी अपेक्षा केली आहे. तास मोजणें सोपें आहे. एकीकडे चित्रफीत चालूं ठेवून दुसरीकडे वह्या तपासणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. एका रविवारीं मीहि त्यांत होतें, आणि प्रमाणपत्र मलाहि मिळालें.

यंत्रें विकत घेण्याविषयीं थोडेंच लिहितें. २०२३-२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक व ५४ टक्के शाळांत इंटरनेट होतें. ज्या शाळेंत तें नाहीं तेथील मुख्याध्यापकानें दुरुस्ती कोण करणार, वीज गेल्यास काय, आणि शिकविणारा कोण, हे तीन प्रश्न विचारल्याविना देणगीहि घेऊं नये.

आतां पालकांसाठीं. तुमच्या मुलाचा आधार क्रमांक, फोटो, जात, बँकेचें खातें हें सर्व शाळेपाशीं असतें. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर अशा यादीचें चित्र आलें, तर "हें येथें नको" असें शिक्षकांस निःसंकोचपणें सांगा. त्यांत उद्धटपणा नाहीं. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. शाळांस शैक्षणिक कामापुरत्या कांहीं सवलती असल्या, तरी १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास आईबापांची संमति हवी, हें त्यांतील सामान्य तत्त्व आहे. विद्यार्थ्यांच्या १२ आंकडी 'अपार' क्रमांकासाठीं जें संमतिपत्र येतें तेंहि वाचून, विचारून मगच सही करावी. तुमच्या प्रश्नास उत्तर देतां येणें हा मुख्याध्यापकांच्या शिक्षणाचाच भाग आहे.

नांवाच्या चौकटीचा प्रश्न लौकरच पुन्हा पुढें येणार आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव शासकीय कागदांवर मुलाचें नांव, आईचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव या क्रमानें लिहावयाचें आहे. यांतील पहिलीं मुलें २०३० च्या जूनमध्यें पहिलींत दाखल होतील. जुन्या नोंदींत नांवाचे तीन भाग, यांच्या नोंदींत चार. आज जे शिक्षक मुख्याध्यापक होण्याची तयारी करीत आहेत, तेच त्या जूनमध्यें रांगेसमोर बसलेले असतील.

विद्यार्थ्यांनीं या सुटींत एक काम करावें. आपला जन्माचा दाखला, आधारपत्र, प्रगतिपुस्तक व असल्यास बँकेचें पुस्तक आईबापांच्या समक्ष एका ओळींत मांडावें. प्रत्येकावरील नांव अक्षर न् अक्षर, आणि जन्मतारीख आंकडा न् आंकडा, एका कागदावर उतरून घ्यावी. फरक आढळल्यास स्वतः कांहीं न खोडतां तो कागद शाळा उघडतांच कचेरींत आणून द्यावा, आणि रजिस्टर उघडून त्यांतील मूळ नोंद पाहण्याची विनंति करावी.