रडायचं तर रड, पण आधी स्क्रीनशॉट काढ

बाय, कुणी इन्स्टावर तुझ्या नावाचं खोटं अकाउंट काढलं असेल, तुझा चेहरा भलत्याच फोटोला चिकटवून वर्गाच्या ग्रुपवर फिरवला असेल, तर पहिल्यांदा हे ऐक: यात तुझा दोष नाही. रील टाकलीस म्हणून नाही, आणि विश्वासाने फोटो पाठवलास म्हणूनही नाही. तो विश्वास ज्याने मोडला, दोष त्याचा.

आपल्या गोव्यातली, पेडणे-डिचोलीकडची पंचाईत मला ठाऊक आहे. खोट्या नावाआड लपलेला पुष्कळदा आपल्याच बसमधला, ट्यूशनमधला नाहीतर वाड्यावरचा निघतो. सकाळचा फोटो रात्रीपर्यंत काकीच्या मोबाइलवर पोचतो. मग पेडण्याची पुनव असो की डिचोलीचा नवा सोमवार, दर उत्सवाला तीच माणसं समोर. म्हणून मुली गप्प बसतात, अकाउंटच पुसून टाकतात, शाळा बुडवतात. अकाउंट पुसलंस तर पुरावाही गेला, हे लक्षात ठेव.

तेव्हा आधी स्क्रीनशॉट. त्यात अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसू दे; प्रोफाइलची लिंक वेगळी लिहून ठेव. मग रिपोर्ट कर, मग ब्लॉक. फोटो उघडावाघडा असेल तर तो मैत्रिणीला ‘बघ गो, काय केलंय’ म्हणूनही पाठवू नकोस. अठराखालच्या मुलांचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. तो फोटो फक्त पोलिसांना दाखवायचा. ‘आणखी एक पाठव, नाहीतर...’ अशी धमकी आली तर एकही फोटो नाही आणि एक पैसाही नाही. एकदा दिलं की मागणी वाढतच जाते.

फोटो इंटरनेटवरून काढायला ‘टेक इट डाउन’ नावाची फुकट सेवा आहे, खास अठराखालच्यांसाठी. फोटो तुझ्या मोबाइलमध्येच राहतो. त्याची फक्त एक सांकेतिक खूण तयार होऊन इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्यांकडे जाते. व्हॉट्सॲपच्या खाजगी गप्पांपर्यंत मात्र या सेवेचा हात पोचत नाही.

आणि घरी सांग. आई आधी ओरडेल, मग जवळ घेईल. आईला जमत नसेल तर मावशी, आते, एखादी शिक्षिका, कुणीतरी एक मोठं माणूस हवंच. आयांनो, तुम्हीही ऐका: रागाच्या भरात पोरीचा मोबाइल फॉरमॅट करू नका. केस त्याच मोबाइलमध्ये आहे.

आपल्या राज्याचा स्वतःचा बाल कायदा आहे, २००३ चा. मुलाचा मानसिक छळ, त्याची मानहानी करणारे शब्दसुद्धा त्यात ‘बाल अत्याचारा’त मोडतात, आणि त्यासाठी गोव्यात वेगळं बालन्यायालय आहे. तक्रार पेडणे किंवा डिचोली पोलीस ठाण्यात देता येते, रायबंदरच्या सायबर ठाण्यात देता येते, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही देता येते. तिथे मुलांच्या अशा फोटोंची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर. रात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन कर. ती दिवसरात्र चालू असते. पण त्याआधी शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठव.

आता पुढचं तुझ्या दादाला आणि त्याच्या मित्रांना वाचून दाखव. गाव भडकणार, भडकायलाच हवं. पण ज्याने छळलं त्याचा फोटो, घरचा पत्ता, आईचा नंबर ग्रुपवर टाकायचा नाही. तोही अठराखालचा असेल तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझी ओळखही तेच कलम झाकतं. त्याचं नाव फिरलं की ‘ती मुलगी कोण?’ हा प्रश्न आलाच.

शिवाय जमावाचा नेम चुकतो. कॅनडातली अमांडा टॉड पंधरा वर्षांची होती. ऑनलाइन छळाला कंटाळून २०१२ च्या ऑक्टोबरात तिने जीव दिला. संतापलेल्या हॅकरांनी तिला छळणारा म्हणून एका माणसाचं नाव-पत्ता जगजाहीर केला. पोलिसांनी चौकशी केली तर आरोपात तथ्य नव्हतं. खरा गुन्हेगार नेदरलँड्समध्ये बसलेला होता आणि २०२२ मध्ये तो न्यायालयात दोषी ठरला. आपल्याकडे मे २०२० मध्ये दिल्लीतल्या मुलांचा ‘बॉइज लॉकर रूम’ नावाचा इन्स्टा ग्रुप मुलींच्या फोटोंवर घाणेरडं बोलताना सापडला, तेव्हा खूप फिरलेला एक स्क्रीनशॉट त्या ग्रुपचा नव्हताच. त्यात मुलाच्या नावाने एक मुलगीच बोलत होती, असं पोलिसांना आढळलं. मुलांच्या त्या ग्रुपमधला घाणेरडेपणा खोटा नव्हता. पण भलत्या पुराव्यावर खरी केसही लंगडी पडते.

म्हणून दादा लोकहो, मोर्चा न्यायचाच तर पोलीस ठाण्यावर न्या, शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत न्या, कुणाच्या दारात नको. गुन्हा नोंदवला का, तपास कुठवर आला, हे दर आठवड्याला जाऊन विचारा. आणि ग्रुपवर तो फोटो आला तर पुढे न पाठवता ‘हे काढ’ असं सगळ्यांदेखत लिहा.

आणि बाय, तू शाळेत जा. मान खाली घालायची पाळी त्याची आहे.