न लढणारीं शस्त्रें

शस्त्राची योग्यता त्याच्या धारेवरून ठरते, असें आपण सहज समजतों. परंतु ज्या शस्त्रानें लढावयाचेंच नाहीं, त्यास सर्वांत मोठा मान कां मिळावा? आफ्रिकेंतील कांहीं राजशस्त्रांच्या आधारें या प्रश्नाचा आम्ही येथें थोडा विचार करूं.

कांगोच्या कासाई प्रदेशांत कुबा लोकांचें जुनें राज्य आहे. सतराव्या शतकांतील श्याम राजानें फेंकून मारावयाच्या ‘शोंगो’ सुरीस बंदी केली व तिच्या जागीं ‘इकुल’ ही शांततेची सुरी आणिली, अशी तेथील परंपरा आहे. इकुलचें पातें रुंद, पानाच्या आकाराचें असतें. कित्येक इकुल तर सर्वस्वीं लांकडाच्या असतात. कुबा राजांच्या लांकडी मूर्तींच्या डाव्या हातांत हीच सुरी दिसते. यांतील कांहीं मूर्ति १९०९ सालीं ब्रिटिश म्युझियममध्यें आल्या. त्यांपैकीं एका राजासमोर ऐरण कोरलेली आहे. लोहारकाम राजासही भूषण वाटे, याचा हा पुरावाच होय.

ईशान्य कांगोंत मांगबेतू लोकांचा राजा मुन्झा यास जर्मन प्रवासी श्वाइनफुर्ट १८७० सालीं भेटला. त्या वेळीं राजाच्या हातांत विळ्याच्या आकाराचें, निखळ तांब्याचें शस्त्र होतें. तांबें मऊ, लढाईंत त्याची धार टिकावयाची नाहीं. परंतु त्याच्या तेजामुळें तें राजास शोभलें. पश्चिमेकडे घाना देशांतील असांते दरबारांत सोन्याच्या पत्र्यानें मढविलेल्या मुठींच्या तरवारी आहेत. तशी तरवार हातीं घेऊन सरदार राजनिष्ठेची शपथ वाहतो.

हीं शस्त्रें शोभेचीं, म्हणून घडविण्यास सोपीं, असें मात्र कोणीं समजूं नये. मातीच्या भट्टींत लोहदगड व कोळसा भरून, भात्यानें वारा घालून लोखंड काढावयाचें. मग तें पुनःपुन्हां तापवून, ठोकून त्यांतील मळी घालवावयाची. एवढें झाल्यावर कोठें घडणावळीस आरंभ! कांगोंतील सोंग्ये लोकांच्या मानाच्या कुऱ्हाडींत पात्याच्या जाळीदार पट्ट्यांवर माणसांचे लहान लहान चेहरे ठोकून उठविलेले असतात, व दांडा तांब्याच्या पत्र्यानें मढविलेला असतो.

अशा कारागिरांस ‘रानटी’ म्हणणाऱ्यांनीं हीं शस्त्रें नीट पाहिलींच नाहींत. विद्यार्थ्यांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. हाताच्या कौशल्यास राजदरबारींही मान असतो. आणि वार करण्याची शक्ति असूनही जो शांततेची सुरी हातीं धरतो, त्याचें राजेपण कांहीं कमी होत नाहीं.