पावसाळ्यातील मधपेटी

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'शहद' म्हणतो, तो मध साठवणारी सातेरी मधमाशी तुम्ही पाहिली आहे का? सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यात अनेक कुटुंबे ही माशी लाकडी पेटीत पाळतात. तेथील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

उन्हाळ्यात जांभूळ फुलते आणि वरची मधकोठी भरते. मधपाळ तिच्या चौकटी यंत्रात फिरवून मध काढतो. पोळे मोडत नाही. खालच्या कोठीला मात्र तो हात लावत नाही. का बरे? तेथे पिल्ले वाढतात व माश्यांचा स्वतःचा साठाही असतो.

पुढे पावसाची झड लागते. माश्यांना बाहेर पडता येत नाही. फुलेही कमी असतात. साठा संपला, तर उपाशी माश्या पेटी सोडून जातात. म्हणून मधपाळ त्यांना साखरेचा पाक देतो, पेटीवर आच्छादन घालतो आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो.

ज्याने उन्हाळ्यात मध घेतला, त्याने पावसाळ्यात माश्यांची भूक भागवावी. घेणे आणि देणे दोन्ही सांभाळले, तरच पेटी नांदती राहते.